गाडीची खांदशेकणी

नवे ब्रेक बसवल्यावर गाडी आधीपेक्षा लवकर थांबावी, एवढं गीतांजलीला कळत होतं. त्यासाठी एम.एस्सी. व्हायची काही गरज नव्हती. पण मंगळवारी सकाळी ती आचलला बालवाडीत सोडायला निघाली, आणि कोपऱ्यावर माणिकबाईच्या भाजीच्या ठेल्यापाशी गाडी थांबायलाच तयार होईना. ब्रेक दाबला तर पाय दगडावर ठेवल्यासारखं टणक लागलं, आणि गाडी मात्र आपल्याच विचारात असल्यासारखी पुढे पुढे जात राहिली. शेवटी ती सीटवरून अर्धी उठली, सगळा भार पायावर टाकला, तेव्हा कुठे ठेल्याच्या चाकापासून हातभर अंतरावर गाडी थांबली.

"काय वं बाई, आज गाडीतच तोलून देऊ काय वांगे?" माणिकबाई म्हणाली.

गीतांजली हसली. मागच्या सीटवर, लहान मुलांच्या खुर्चीत पट्ट्यांनी बांधलेली अडीच वर्षांची आचल टाळ्या पिटत म्हणाली, "मम्मी, पुन्हा!"

पुढच्या रस्त्यावर तिने मुद्दाम ब्रेक दाबून पाहिला. दर वेळी तो आधीपेक्षा बरा लागला. परत येताना तर असा लागला की बाजूच्या सीटवरची पर्स खाली गेली. मग कोपऱ्यावर काय झालं होतं? चप्पल घसरली? रात्री आचलने झोपू दिलं नव्हतं, आपण अर्धवट झोपेतच गाडी काढली की काय? घरी आल्यावर तिने चप्पल उलटी करून तळवा पाहिला. तळवा ठीक होता.

ब्रेक बसले होते मागच्या रविवारी, अकोल्याला, बंडूच्या गॅरेजमध्ये. बंडू हा तिच्या नवऱ्याचा, गजेंद्रचा, कॉलेजपासूनचा दोस्त. गजेंद्रचं अमरावतीत ठिबक सिंचनाचं दुकान होतं, पण जीव होता गाडीत. नागपूरच्या काही हौशी पोरांनी शहराबाहेरचा एक खासगी ट्रॅक येत्या रविवारसाठी भाड्याने घेतला होता; तिथे एकेकाने गाडी पळवायची आणि कोण किती वेगात फेरी पूर्ण करतो ते बघायचं. त्यासाठी पुढच्या दोन्ही चाकांना खाचा पाडलेल्या नव्या डिस्क, त्यांना दोन्ही बाजूंनी दाबून धरणारे नवे पॅड, नवं ब्रेक ऑइल, आणि डिस्क बाहेरून छान दिसावी म्हणून मोठ्या फटींची चाकं. घरी आणल्यावर त्याने सगळ्यांना अंगणात बोलावून दाखवलं होतं.

नुसती हौस होती असंही म्हणता येत नव्हतं. मागच्या दिवाळीत चिखलदऱ्याहून उतरताना घाटात ब्रेक ऐन वळणावर मऊ पडला होता. पाय खाली खाली जात होता, चाकांतून जळका वास येत होता, आणि आचल गीतांजलीच्या मांडीवर झोपली होती. गजेंद्रने गिअर टाकून, घामाघूम होऊन गाडी कशीबशी कडेला घेतली होती. त्यानंतर तो पुष्कळ वाचत बसायचा, बंडूशी तासन्‌तास बोलायचा. "हे तुमच्यासाठीच करून राहिलो," असं तो म्हणाला होता, आणि ते खोटं नव्हतं. म्हणूनच मंगळवारचं त्याला सांगायला तिला जड गेलं.

"थंड होते पॅड," तो संध्याकाळी अगदी सहज म्हणाला. "हे गरम झाले की धरतात. सकाळी पहिले एक-दोन ब्रेक जरा जोर लावून दाबत जा."

"हे तुम्ही मला आता सांगून राहिले?"

"सांगितलं होतं ना!"

त्याने खूप सांगितलं होतं. पॅडमध्ये काय काय मिसळलेलं असतं, डिस्कला खाचा कशाला, ऑइल किती तापल्यावर उकळतं. त्यात हे होतं का? ती आठवून पाहू लागली. हे असतं तर आपण विसरलो असतो का?

"अन् पहिल्याच ब्रेकला कोणी आडवं आलं तर?"

"तू कुठं पळवतेस गाडी? बैलगाडी मागून हॉर्न देते तुला." तो हसला, आणि आचलला खांद्यावर घेऊन अंगणात गेला.

ते तिथेच राहिलं.

गुरुवारी खांदशेकणी होती. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांना न्हाऊ घालायचं, त्यांच्या खांद्यांना तूप-हळद चोळायची, वर्षभर जू वाहिलेला तो खांदा शेकायचा, आणि कानात उद्याच्या जेवणाचं आवतन द्यायचं. पण अंजनगावच्या शेतातली खुशालरावांची जोडी मागच्याच वर्षी विकली गेली होती. शेत आता ट्रॅक्टरवर, वाट्याने दिलेलं. खुशालराव, म्हणजे गजेंद्रचे वडील, तेव्हापासून लेकाकडे अमरावतीत राहत होते. त्या संध्याकाळी ते अंगणात नुसतेच येरझाऱ्या घालत होते. मग घरात येऊन बायकोला, जमुनाबाईंना म्हणाले, "वाटीत तूप दे जराक. अन् हळद."

"कोनासाठी?"

"दे ना तू."

स्वयंपाकघराच्या खिडकीतून गीतांजली बघत होती. त्यांनी पाइपने गाडी धुतली, चारी बाजूंनी पुसली. मग पुढच्या चाकापाशी उकिडवे बसून ते फटीतून आत पाहत राहिले. आतली डिस्क, तिच्या खाचा, सगळं चकाचक.

"गजू म्हने सगळा भार हेच झेलते," ते आचलला समजावत होते. "हे नसलं त गाडी गेली खड्ड्यात. मंग खांद हेच झालं का नाई?"

आचलला पटलं. आजोबांचा जाड हात फटीतून नीट आत जाईना, म्हणून तिने आपली चिमुकली बोटं वाटीत बुडवली आणि आत घातली. ते पाहताच गीतांजली ओल्या हाताने तशीच धावत बाहेर आली.

"अरे अरे, गरम असेल ना ते!"

तिने स्वतः डिस्कला बोट लावून पाहिलं. गाडी दिवसभर उभी होती. डिस्क माठासारखी गार होती. तिचा जीव भांड्यात पडला. फ्रॉकवर हळद सांडू देऊ नका, एवढं सांगून ती आत गेली. मागे खुशालराव चाकाला वाकून म्हणत होते, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." आणि आचल तेच बोबडं म्हणत होती. गीतांजलीच्या डोळ्यांत उगाच पाणी आलं.

पोळ्याच्या दिवशी दुपारी दुकानात माल उतरायचा होता म्हणून गजेंद्र घरी येऊ शकत नव्हता. पुरणपोळ्यांचा डबा घेऊन गीतांजली निघाली, आचल मागे. या वेळी तिला ठाऊक होतं. कोपऱ्याच्या कितीतरी आधी, रस्ता मोकळा असताना, तिने ब्रेक जोरात दाबला. गाडी जरा रेंगाळली, आणि आत खमंग वास आला. तूप कढल्याचा. डब्याचं झाकण निघालं असेल असं तिला वाटलं.

"मम्मी, पोई," आचल मागून म्हणाली.

"थांब, पप्पांकडे गेल्यावर."

समोर वळणावर एक शेतकरी आपली जोडी घेऊन चालला होता. शिंगं रंगवलेली, अंगावर झुली, गळ्यात घुंगरं. आचल "बैल, बैल" ओरडायला लागली. गीतांजलीने ब्रेक दाबला. काही झालं नाही. आणखी दाबला. ब्रेक तसाच टणक, आणि बैलांच्या झुलीवरचे आरसे काचेत मोठे मोठे होत चालले. तिने स्टिअरिंग डावीकडे मारलं. कुणाच्या तरी बांधकामाचा रेतीचा ढीग होता, गाडी त्यात तोंड खुपसून थांबली.

बैलांनी मान वळवूनही पाहिलं नाही. शेतकऱ्याने पाहिलं.

"झोपली काय वं बाई? सणाच्या दिशी जनावर मारतं काय?"

गीतांजली मागचं दार उघडून आचलच्या अंगावरून हात फिरवत होती. डोकं, मान, हात, पाय. आचलला काही झालं नव्हतं. ती रेतीकडे बघत होती. सगळ्या गाडीत तुपाचा वास भरला होता, आणि डबा तर घट्ट बंद होता.

गजेंद्र दुकानातल्या एकाच्या मोटारसायकलवर बसून आला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. त्याने गाडी हळूहळू, गिअरवर, घरापर्यंत आणली, अंगणात जॅक लावला आणि चाक काढलं. काल माठासारखी गार आणि आरशासारखी साफ असलेली डिस्क आता तपकिरी, चिकट झाली होती. खाचांमध्ये हळद बसली होती. त्याने बोट फिरवलं, हुंगलं, आणि मटकन खाली बसला.

"तूप!" तो म्हणाला आणि हसायलाच लागला. सुटल्यासारखा. "अरे बापरे, तूप! मी म्हटलं, आपलं काय चुकलं. ब्रेकला तूप लावलं कोनी?"

खुशालराव तुळशीपाशी उभे होते.

"म्या लावलं," ते म्हणाले. "खांद समजून."

"बाबा, सगळ्या गाडीत हीच एक जागा हाय जिथं तेलाचा थेंब चालत नाई!"

"तुमाले काही समजते काय?" जमुनाबाई दारातून कडाडल्या. "पोरगी होती ना आत!"

'आचलचाही हात होता' असं खुशालराव म्हणाले नाहीत. 'सूनबाईनं पाह्यलं होतं' असंही नाही. गीतांजलीला वाटलं, आपण काहीतरी बोलावं. पण ती आचलला घेऊन आत गेली.

नैवेद्य झाला, पानं मांडली. खुशालराव म्हणाले, भूक नाही. आचल आपली वाटी घेऊन त्यांच्याकडे गेली, तर त्यांनी दोन्ही हात काखेत दाबून धरले. "मायजवळ जा बेटा," ते म्हणाले. ती तिथेच उभी राहिली, त्यांच्या काखेतले हात ओढून काढायचा प्रयत्न करत, आणि ते हात काही देईनात.

गजेंद्रने फोन स्पीकरवर ठेवला होता. पलीकडून बंडू खिंकाळत होता, "काकाजीनं ब्रेकले पुरनपोळी चारली म्हना ना! लेका, पॅड गेले तुहे. तूप पिऊन बसले ते, आता धुतले तरी उपेग नाई."

"जादा जोडी हाय ना माझ्याजवळ, ट्रॅकसाठी घेतलेली," गजेंद्र म्हणाला. "डिस्क धुतो, तीच टाकतो. उद्या अकोल्याला येतो आमी, तिघंही. या दोघींना माहेरी सोडतो, अन् आपण रविवारी पहाटे नागपूर."

सगळं मिटल्यासारखं झालं. गीतांजली तव्यावर पोळी टाकत होती आणि तिच्या डोक्यात काहीतरी बसत नव्हतं. तूप गुरुवारी लागलं. माणिकबाईच्या ठेल्यापाशी गाडी थांबेना, तो मंगळवार होता. मंगळवारी कुठलं तूप? की मंगळवारी खरंच आपली चप्पल घसरली होती? तसं मानलं तर किती सोपं झालं असतं. उद्या गाडीत बसायचं, आईकडे जायचं. पण मंगळवारी ब्रेक टणक लागला होता, आणि आजही टणकच लागला. की आजचं आठवून आपण मंगळवारही तसाच मानतोय? तिला स्वतःच्याच पायाची खात्री वाटेना. पोळी करपली.

"मंगळवारी तूप नव्हतं," ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाली.

गजेंद्रने फोन बाजूला केला. "काय?"

"मंगळवारीही गाडी थांबत नव्हती. तेव्हा मामाजींनी काही लावलं नव्हतं."

"तो वेगळा विषय आहे, गीता. ते थंड पॅडचं होतं. सांगितलं ना मी."

"मग आजचं कशाचं होतं?"

"तुपाचं! दिसलं नाही का तुला?"

"दिसलं. पण पॅड आजही थंडच होते ना?"

तो चिडला. "हे पॅड पाचशे डिग्रीलाही पकड सोडत नाहीत. माहीत आहे? चिखलदऱ्याला हेच असते तर..."

"आणि सकाळी बालवाडीत जाताना किती डिग्री असते?"

"अबे गज्या," फोनमधून बंडू म्हणाला, "वहिनी बराबर बोलून राहिली बरं." गजेंद्रने फोन बंद केला.

जमुनाबाई एकदा लेकाकडे, एकदा सुनेकडे पाहत होत्या. "मंग दोष कोनाचा हाय, ते त एकदा ठरवा," त्या नवऱ्याकडे हात करून म्हणाल्या. "यायनं मघापासून पान्याचा घोट घेतला नाई."

ठरलं काहीच नाही. गजेंद्रने ऊन असेपर्यंत अंगणातच काम केलं. डिस्क घासून, धुऊन काढली, नवी जोडी बसवली आणि बडनेरा रस्त्यावर जाऊन पॅड डिस्कवर नीट बसेपर्यंत ब्रेक मारमारून आला. "आता एक नंबर," तो म्हणाला. आवाजात भांडण नव्हतं. त्याचा खरंच विश्वास होता, आणि तो पाहून गीतांजलीचा गोंधळ आणखी वाढला. ज्याला यातलं कळतं तो म्हणतोय ठीक आहे. जिला कळत नाही ती म्हणतेय नाही.

सकाळी तो पिशव्या डिकीत ठेवायला लागला, तेव्हा तिने किल्ली मागितली.

"आधी मी एक चक्कर मारते. आचल घरीच राहू दे. तुम्ही मागं बसा, तिच्या जागी."

"तिच्या खुर्चीत?"

"खुर्ची काढली आहे मी."

तो हसत हसत बसला. गुडघे पोटाशी आले. गल्ली रिकामी होती, गाडी रात्रभर उभी होती. गीतांजली नेहमी जाते तशीच निघाली, मुद्दाम हळू नाही, मुद्दाम जोरात नाही. "त्या विजेच्या खांबापाशी थांबते," तिने सांगितलं, आणि ब्रेकवर नेहमीसारखा पाय दिला.

खांब जवळ आला. खांब बाजूने गेला.

"दाब!" मागून आवाज आला.

"दाबलाय."

"अगं जोरात दाब ना, गीता!"

ती सीटवरून उठून पायावर उभीच राहिली. गाडी कोपऱ्याच्या तोंडाशी थांबली. तिने मागे वळून पाहिलं. गजेंद्रने दोन्ही हातांनी पुढची सीट कवटाळली होती आणि उजवा पाय मॅटवर रोवला होता, तिथे ब्रेक असल्यासारखा. त्याने पाय उचलला, पुन्हा ठेवला.

"मी चालवतो तेव्हा माझा पाय आपोआप जास्त दाबत असेल," तो म्हणाला. "मला कळलंच नसेल."

तिला वाटलं होतं की असं काही त्याच्या तोंडून ऐकलं की आपल्याला बरं वाटेल. वाटलं नाही. घाटात हेच ब्रेक बरे ठरले असते, हेही खरंच होतं.

घरी येऊन गजेंद्र माळ्यावर चढला आणि जुने पॅड शोधून काढले. "ट्रॅकवर गेल्यावर हे नवे टाकीन, अन् निघताना तिथंच परत जुने," तो बसवता बसवता म्हणाला. "दरवेळी. चालेल?"

"आणि चिखलदऱ्याला?"

त्याचा पाना थांबला. "ते... ते पाहू."

मग तो उठला, हात पुसले आणि वडिलांपाशी जाऊन बसला. खूप काही सांगायचं असावं. "बाबा, चहा घेतला काय?" एवढंच म्हणाला. खुशालराव म्हणाले, "घेतो." जमुनाबाई लगबगीने आत गेल्या.

जुने पॅड लागले तरी गाडीत बसायला गीतांजलीचं मन होईना. "आज आम्ही यस्टीनं जातो," ती म्हणाली. "तुम्ही मागून या." तिला वाटलं तो रागावेल. त्याने फक्त मान हलवली.

"मी येऊ काय संगं?" खुशालरावांनी विचारलं.

"चला ना मामाजी. हिला मांडीवर कोण घेईल एवढा वेळ?"

त्यांनी नळावर हात धुतले, साबण लावून पुन्हा धुतले, आणि मगच आचलला उचललं.

बस बडनेऱ्याच्या पुढे निघाली तेव्हा आचल त्यांच्या मांडीवर झोपली होती. दोन्ही बाजूंना काळ्या रानात कपाशी उभी होती. बराच वेळ बाहेर पाहून झाल्यावर खुशालरावांनी हळूच विचारलं, "सूनबाई, मंग कालच्यात माहं किती अन् त्याचं किती?"

'तुमचं काहीच नाही' हे शब्द तिच्या ओठांवर आले होते. ते तिने गिळले.

"मला नाही माहीत, मामाजी. थोडं तुमचं, थोडं त्यांचं. चाकाला मीही हात लावून पाहिला होता, पण मला फक्त चटक्याचीच भीती होती."

त्यांनी ते ऐकून घेतलं. आचलभोवतीची हातांची मिठी सैल झाली नाही.

"अन् आता ते जुने लावले, ते बरे हायत?"

"उतारावर नाहीत."

"मंग?"

"सपाटीवर बरे आहेत."

खुशालरावांनी खिडकीतून पुढचा सरळ रस्ता पाहिला, मागच्या काचेतून लेकाची गाडी दिसते का ते पाहिलं, आणि आचलचं डोकं नीट दंडावर घेतलं.

"अकोल्यापर्यंत त सपाटच हाय," ते म्हणाले.